लालबाग-परळ-करी रोड: हाकलले गेलो की विकून गेलो?

चिंचपोकळीचा_बंड्या:
मंडळी, आमची चाळ पागडीची (मालकाला ठोक रक्कम देऊन घेतलेली भाड्याची जागा), सेस बिल्डिंग (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत), करी रोड स्टेशनातून उतरलं की चालत पाच मिनिटं. बिल्डर आलाय. म्हणजे बिल्डर याआधीही येऊन गेलेत पण हा खरंच पेपर घेऊन आलाय. ४०५ चौरस फूट कार्पेट, ५ लाख कॉर्पस (पुढच्या मेंटेनन्ससाठी एकरकमी निधी), बांधकाम होईपर्यंत भाडं. कमिटीची मीटिंग झाली, अर्धे लोक लगेच सही करायला तयार.
घरात दोन पक्ष पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो घर मिळालं की विकून टाकू, ठाण्याला किंवा डोंबिवलीत ऐसपैस टू बीएचके घेऊ, वर पैसे उरतील. बाबा गिरणीत होते, संपानंतर इकडेतिकडे वॉचमनची कामं केली, ते म्हणतात मी इथून फक्त भोईवाड्याला जाणार (स्मशान हो, तिकडचं). आई काहीच बोलत नाही, म्हणजे बाबांच्या बाजूने आहे.
व्हॉट्सअपवर रोज येतं की मराठी माणसाला गिरणगावातून हाकललं. पण आमच्या मजल्यावरची जी घरं गेली ती कुणी हाकलून गेली नाहीत, चांगले पैसे घेऊन, पेढे वाटून गेली. तर नक्की काय समजायचं? आणि व्यवहाराचं काही सांगता आलं तर तेही सांगा.

डोंबिवली_फास्ट:
विकून गेलो. सरळ उत्तर. माझ्या वडिलांनी १९९४ साली लालबागची दहा बाय बाराची खोली दिली, मालकाला त्याचा वाटा दिला आणि डोंबिवलीला स्वतःच्या नावावर घर घेतलं. घरात संडास, गॅलरी, वेगळं स्वयंपाकघर. आम्ही तीन भावंडं, आजी, आई-वडील आणि गावावरून आलेला काका एवढे त्या खोलीत होतो. कुणीही बंदूक लावली नव्हती. ट्रेन होती म्हणून गेलो, ट्रेन नसती तर तिथेच कुजलो असतो. हाकललं हाकललं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना परत त्या खोलीत राहायचंय ते सांगा आधी.

आगाऊ_कार्टा:
लालबाग-परळ काय म्हणताय, ब्रोकरला विचारा, 'अपर वरळी' आहे ते. वडाळ्याचं न्यू कफ परेड झालं, माणकोलीचं अप्पर ठाणे झालं. थांबा थोडं, कसाऱ्याला 'लोअर नाशिक' म्हणून बुकिंग सुरू होईल.

पल्लवी_न:
>>लोअर नाशिक
मेले 😂😂

जुना_गेटपास:
बंड्या, तुझ्या बाबांच्याच वयाचा आहे मी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.
१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार. नेते डॉक्टर दत्ता सामंत. तो संप कुणी औपचारिकपणे मागे घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला. जे परत कामावर गेले ते गेले, बाकीच्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवली, गावाला गेले. हा झाला पहिला भाग, आणि सगळे इथेच थांबतात. संप केला म्हणून गिरण्या गेल्या, गिरण्या गेल्या म्हणून मराठी माणूस गेला. विषय संपला.
खरी गोष्ट पुढे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सगळ्या गिरण्या मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन. म्हणजे विचार कर, मध्य मुंबईत शे-दोनशे एकर बागा, मैदानं आणि तेवढ्याच जागेवर साध्या माणसांची घरं. १९९६ ला चार्ल्स कोरियांच्या समितीने त्याचा आराखडासुद्धा दिला होता.
मग २००१ ला नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची, ज्यावर गिरणीची शेड उभी आहे ती जमीन वाटणीत धरायचीच नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? गेटजवळचं पटांगण आणि चिमणीच्या बाजूचा तुकडा. झाला की तीन तृतीयांश मालकाचा! पर्यावरणवाले कोर्टात गेले, २००५ ला हायकोर्टात जिंकले, मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ मध्येच एनटीसीच्या (सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्यांचे लिलाव झाले. मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. त्या आकड्यांनी आजूबाजूच्या प्रत्येक चाळमालकाच्या कानात वारं शिरलं.
तर हाकललं का, याचं माझं उत्तर हो. फक्त हाकलणारा माणूस दारात आला नव्हता, तो मंत्रालयात बसून एक शब्द घालत होता.

डोंबिवली_फास्ट:
काका, आदर आहे, पण तुम्ही जे सांगताय ते गिरणीच्या जमिनीचं. आमची खोली गिरणीच्या आवारात नव्हती. खासगी मालकाची चाळ होती. आणि आम्ही १९९४ ला गेलो, तुमचा २००१ चा शब्द तेव्हा जन्मला पण नव्हता.

जुना_गेटपास:
बरोबर. मग तुझे वडील १९९४ ला का गेले? पगार चालू होता का त्यांचा?

डोंबिवली_फास्ट:
नव्हता.

आगाऊ_कार्टा:
काकांनी स्टंप उडवला.

डोंबिवली_फास्ट:
उडवला वगैरे काही नाही. पगार चालू असता तरी गेलो असतो, फार तर दोन वर्षं उशिरा. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये निम्मे बँकवाले, एलआयसीवाले, गिरगाव-दादरहून आलेले, त्यांचे पगार व्यवस्थित चालू होते. तेही आलेच ना? पोरं मोठी होतात, लग्न ठरायला घर लागतं. मुंबईत घर मिळत नव्हतं, इथे मिळत होतं.

करी_रोडची_सून:
मी एक बाईमाणूस म्हणून बोलू का. हे जे 'चाळ संस्कृती' 'दारं उघडी असायची' 'एकमेकांकडे वाटी जायची' वगैरे चालू होणार आहे आता, ते सुरू व्हायच्या आधीच सांगते. मी लग्न होऊन त्या चाळीत आले तेव्हा मजल्यावर बारा बिऱ्हाडं आणि टोकाला संडास. सकाळी बादली घेऊन रांगेत, समोर सासऱ्यांच्या वयाचे लोक पेपर वाचत उभे. गरोदरपणात रात्री तो पूर्ण पॅसेज चालत जायचं, त्यात बल्ब गेलेला. पाणी पहाटे, ते भरायला कोण उठणार तर सून. आमच्याकडे टॉवर होतोय, त्यात मला दोन संडास मिळणारेत, आणि मला त्याचा आनंद आहे. जेंट्रिफिकेशन (पैसेवाले आले की जुने लोक बाहेर) म्हणा नाहीतर काही म्हणा.

पल्लवी_न:
+१०००

मीठ_भाकर:
सूनबाईंना अनुमोदन, आणि त्यात माझी भर.
गिरणगाव म्हणजे सगळे एका ताटात जेवणारे असं चित्र रंगवतात. गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे पगार बरा, तिथे आमच्या लोकांना घेत नव्हते, कारण धाग्याची कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आमचा उष्टा धागा इतरांना चालत नव्हता. आमचे आजोबा कताईतच राहिले आयुष्यभर. राहायला सुद्धा वेगळ्या चाळी, वेगळी वस्ती. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, विसाव्या शतकातली वीसेक वर्षं, ते काय हौस म्हणून नव्हते राहिले.
त्यामुळे 'आपलं गिरणगाव गेलं' यातला 'आपलं' सगळ्यांचा सारखा नाही. पण एक सांगतो, आता जे टॉवर झालेत त्यात आमचा माणूस भाड्याने घर विचारायला गेला की आडनाव विचारतात. मग मच्छी खाता का विचारतात. पूर्वी जात उघड विचारायचे, आता किचन विचारतात.

जुना_गेटपास:
मीठ_भाकर, खरं आहे. मी विणकाम खात्यात होतो. पाहिलंय.

बदलापूर_८_२३:
मी उलट्या बाजूचा माणूस. आजोबा परळला गिरणीत. वडील कल्याणला गेले. मी बदलापूरला. आणि नोकरी कुठे? लोअर परळ! ज्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये आजोबा हजेरी लावायचे त्याच्या शेजारच्याच कंपाउंडात काचेच्या बिल्डिंगमध्ये मी पंच करतो. आजोबा चालत जायचे, भोंगा झाला की निघायचे. मी पहाटे उठून डबा घेऊन बदलापूरहून फास्ट पकडतो, दादरला उतरतो, पूल चढून वेस्टर्नला जातो, तिथून स्लो, कारण फास्ट लोअर परळला थांबत नाही. एका पिढीत एक स्टेशन मागे सरकलो असं नाही, अख्खा तालुका मागे सरकलो.
आणि इथल्या स्टेशनांचं काय केलं ते बघा. गिरण्या होत्या तेव्हा कामगार आजूबाजूला राहायचा, स्टेशनवर त्याचा भार नव्हता. गिरण्या पाडून ऑफिसं बांधली, लाखो माणसं रोज आत ओतली, स्टेशनं तीच, जिने तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. पाऊस होता, सगळे एकाच अरुंद जिन्यावर थांबले होते. त्यानंतर मग लष्कराला बोलावून पूल बांधला, आणि २०१८ ला स्टेशनचं नाव प्रभादेवी केलं. टॉवरना परवानगी देताना जिना मोजायला कुणी नव्हतं, एवढंच म्हणतो.

डोंबिवली_फास्ट:
हे मात्र शंभर टक्के. घर स्वस्त मिळालं त्याची किंमत आम्ही दरवाज्यात लटकून दिली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर जी माणसं पडली ती आमच्याच साईडच्या गाड्यांतली.

पल्लवी_न:
आणि त्यात एसी लोकल. बदलापूरकरांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये आंदोलन केलं होतं ना, साधी गाडी काढून त्या वेळेला एसी टाकली म्हणून. कळव्यालाही झालं. म्हणजे वस्तीचं जे झालं तेच आता डब्याचं. ज्यांना परवडतं ते थंड हवेत, बाकीचे मागच्या साध्या गाडीला दुप्पट.

आगाऊ_कार्टा:
एसी लोकलमध्ये निदान दरवाजे बंद होतात हो. हाकललं तरी बाहेर पडत नाही माणूस.

पल्लवी_न:
अरे काय हे 🤦‍♀️

रिहॅब_विंग:
मी बंड्याच्या प्रश्नाकडे येतो कारण त्याच्या पुढच्या स्टेशनवर उभा आहे (अक्षरशः). आमच्या चाळीचं काम होऊन ताबा मिळून काही वर्षं झाली. एक टॉवर विक्रीचा, त्याच्या मागे आमची उंच पण किडकिडीत इमारत. गेट वेगळं. त्यांच्या पोडियमवर बाग आहे, आम्हाला ती वरून छान दिसते.
घर चांगलं आहे. खोटं बोलणार नाही. आई लिफ्टने खाली जाते, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर जुन्या चाळीत ती कैदीच झाली असती. पण हिशोब ऐका. पूर्वी मालकाला महिन्याचं भाडं दोन-तीनशे रुपये. आता मेंटेनन्स साडेचार हजार. लिफ्ट, पंप, सिक्युरिटी, फायर सिस्टीमचं कॉन्ट्रॅक्ट, जनरेटर. कॉर्पस ५ लाख घेतला तर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार, महिन्याला तीन हजाराच्या आतच. म्हणजे पहिल्या दिवसापासून दीड हजार खिशातून, आणि मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, व्याज वाढत नाही. लिफ्ट मोठ्या दुरुस्तीला आली की वेगळी वर्गणी. पेन्शन नसलेल्या गिरणी कामगाराच्या विधवेने हे कुठून भरायचं?
आमच्याकडे पहिल्या तीन वर्षांत बरीच घरं विकली गेली. त्यातल्या कुणालाही कुणी जा म्हटलं नाही. सोसायटीच्या बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागायची, त्यात नाव आलं की दोन-चार महिन्यांनी ब्रोकर यायचा. तर डोंबिवलीवाल्या दादांना विचारतो, हे विकून गेले का हाकलले गेले?

डोंबिवली_फास्ट:
बोर्डावर नावं लावणारी कमिटी कुणाची होती? तुमचीच ना, चाळकऱ्यांचीच?

रिहॅब_विंग:
हो. मी स्वतः सेक्रेटरी होतो. लिफ्टवाला पैसे मागत होता, काय करणार.

अर्धा_टक्का:
मी ब्रोकर आहे. चपला बाहेर काढून आलोय, मारू नका.
धंद्यात जे दिसतं ते सांगतो. लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यात रिहॅबचं (पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला मिळालेलं) घर विकायला येणारा माणूस बहुतेक वेळा भावाभावांच्या वाटणीसाठी येतो. खोली एक, वारस चार. बाप होता तोवर सगळे गप्प. घर झाल्यावर त्याची किंमत कोटीच्या घरात दिसते आणि मग एकाला त्यात राहायचं असेल तर बाकी तिघांना त्याने पैसे द्यायचे, ते त्याच्याकडे नसतात. मग विका आणि वाटा. आपापला हिस्सा घेऊन एक जातो कळव्याला, एक विरारला, एक नेरळला, एक गावाला बंगला बांधतो. मेंटेनन्समुळेही विकतात पण ते दुसऱ्या नंबरला.
आणि घेणारा कोण विचाराल तर सगळेच परप्रांतीय वगैरे नाही. केईएम-टाटाचे डॉक्टर, लोअर परळला काम करणारी नवरा-बायको, त्यात मराठीही असतात, पुणे-नाशिकवरून आलेले. बाकी 'अपर वरळी' आम्ही काढलेलं नाही, ते ब्रोशरवाल्यांचं. आम्ही करी रोडच म्हणतो, नाहीतर गिऱ्हाईक चुकीच्या स्टेशनवर उतरतं.

चिंचपोकळीचा_बंड्या:
>>खोली एक, वारस चार
आमच्याकडे तीन आहेत. धन्यवाद, झोप उडवलीत.

मसाला_गल्ली:
अवांतर करते, माफ करा. पण कुणीतरी लालबागचं उरलंय काय तेही लिहा ना. एप्रिल-मे मध्ये आमच्या गल्लीत येऊन बघा. विरार, बदलापूर, पनवेल, कुठून कुठून बायका येतात, वर्षाचा मसाला करायला. संकेश्वरी किती, बेडगी किती, काश्मिरी रंगाला किती, घरून आजीने दिलेला कागद घेऊन. मिरची निवडून, भाजून, डंक्यावर कुटून घ्यायची, तोवर तिथेच शिंकत बसायचं. आणि डबे भरून ट्रेनमध्ये. लेडीज डब्यात त्या पिशवीवरून भांडणं सुद्धा होतात. चिवडा गल्ली आहे, भारतमाताला मराठी पिक्चर लागतात. गणपतीत तर सगळं गाव परत येतं. आमचा मुंबईचा राजा १९२८ पासून, चिंतामणी १९२० पासून.

आगाऊ_कार्टा:
लालबागचा राजा १९३४. नाहीतर लोक भांडतील.

बदलापूर_८_२३:
ताई, आमच्या घरी तुमच्याच गल्लीचा मसाला येतो. आजोबांच्या खोलीच्या शेजारची एक काकू अजून भाजून ठेवते, आई जाऊन आणते.

जुना_गेटपास:
मसाल्यावरून खानावळी आठवल्या. घाटावरचे, कोकणातले पुरुष एकटे यायचे, गावकीची खोली असायची, एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. पहिली पाळी उठून गेली की तिसरी पाळी त्याच वळकटीवर. जेवायला खानावळीत, बहुतेक एखाद्या कामगाराचीच बायको चालवायची. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या होत्या, १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संपात कित्येक खानावळवाल्यांनी महिनोन् महिने उधारीवर जेवू घातलं. ती उधारी बऱ्याच जणींची बुडाली, हे कुणी कुठे मांडत नाही. नुकसान मोजताना गिरणीमालक आणि कामगार एवढेच धरतात.

करी_रोडची_सून:
काका, माझ्या आजेसासूबाई खानावळ चालवायच्या. वहीत नावं आहेत अजून, गावासकट. पैसे कुणी आणून दिले नाहीत पण गावाला जाताना काहींनी भांडी ठेवली त्यांच्याकडे गहाण म्हणून. ती पितळी भांडी आमच्याकडे माळ्यावर होती, आता चाळ रिकामी करताना प्रश्न पडलाय काय करायचं.

हडसनकाठी:
इकडे जर्सी सिटीतून वाचतोय. जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनचं स्टेशन आहे, मॅनहॅटनला जायला सोयीचं. त्याच्या बाजूला न्यूअर्क अव्हेन्यूवर देशी दुकानं, वाणसामान, मिठाई, साड्या. स्टेशनला लागून आता उंच उंच टॉवर झालेत आणि भाडी इतकी वाढलीत की ज्या देशी माणसांच्या दुकानांमुळे तो भाग गजबजला त्यांच्याकडे काम करणारी पोरं तिथे राहू शकत नाहीत. फरक एवढाच की इथे बहुतेक भाडेकरू आहेत, त्यांना विकायला काहीच नाही. तुमच्याकडे पागडीवाल्याच्या हातात निदान काहीतरी पडतं.

मीठ_भाकर:
हडसनकाठी, पागडीवाल्याच्या पडतं. पोटभाडेकरूच्या पडत नाही. गावकीच्या खोलीतल्या विसाव्या माणसाच्या पडत नाही. फुटपाथवर भाजी लावणाऱ्याच्या पडत नाही. चर्चेत नेहमी कागद असलेलाच माणूस बोलतो.

पुण्याचा_पाहुणा:
धागा छान चाललाय पण मूळ मुद्दा मराठी माणसाचा की गरीब माणसाचा? कारण आकडे बघितले तर २००१ ला मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार. कमी झाली! त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. एवढे टॉवर उठले त्या दहा वर्षांत आणि राहणारी माणसं अडीच लाखांनी घटली. त्यात सगळे मराठी नव्हते. भेंडीबाजारातले, कामाठीपुऱ्यातले पण गेलेत मीरा रोड, मुंब्रा, नालासोपाऱ्याला.

डोंबिवली_फास्ट:
बघा, हा आकडा माझ्या बाजूने पण लागतो आणि काकांच्या बाजूने पण.

जुना_गेटपास:
माझ्या बाजूने जास्त. टॉवर वाढून माणसं कमी होतात याचा अर्थ घरं माणसांसाठी बांधली नाहीत, गुंतवणुकीसाठी बांधली. रात्री नऊ वाजता पुलावर उभं राहून उजेड मोज.

अर्धा_टक्का:
काका, पडदे असतात हो त्यांच्याकडे. ब्लॅकआऊटवाले.

वकीलसाहिबा:
बंड्या, आता कामाचं. मी पुनर्विकासाची कामं बघते, तुझे कागद पाहिलेले नाहीत त्यामुळे हे सर्वसाधारण.
आधी ४०५ समजून घे. सेस इमारतींच्या पुनर्विकासाचा जो ३३(७) नियम आहे त्यात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट, त्यावर ३५ टक्के फंजिबल (वाढीव क्षेत्र), म्हणून ४०५. म्हणजे बिल्डर तुम्हाला काही खास देत नाहीये, किमान देतोय. तुमची जागा स्टेशनलगत आहे, तिथे घासाघीस होते. आणि ५१ टक्के संमती पुरेशी असते, त्यामुळे 'आम्ही सही नाही करत' म्हणून एकटं बसून राहण्यात ताकद नाही. ताकद सही करायच्या आधी, सगळ्यांनी मिळून अटी लिहून घेण्यात आहे.
भाडं हा पहिला धोका. एक-दोन वर्षं येतं मग बंद होतं, आणि माणूस ना चाळीत ना टॉवरमध्ये, भाड्याने कुठेतरी दिव्याला. म्हणून बँक गॅरंटी मागा, नुसते पुढच्या तारखेचे चेक नकोत. प्रत्येकाचा स्वतंत्र करार, नोंदणी केलेला, त्यात घराचा नकाशा आणि मजला लिहिलेला. महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) आधार विक्रीचं घर घेणाऱ्याला मिळतो, जुन्या भाडेकरूने तो गृहीत धरू नये, त्यामुळे करारात जे आहे तेवढंच तुमचं.
मेंटेनन्सबद्दल रिहॅब_विंग यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. कॉर्पस माणशी हातात घेऊ नका, भाऊ-बहिणी वाटून घेतील आणि संपेल. सोसायटीच्या नावाने मुदत ठेव आणि फक्त व्याज वापरायचं असं लिहून घ्या. रिहॅब इमारतीला किती लिफ्ट, कार पार्किंगची यंत्रणा कुणाच्या खर्चात, हेही. ती मशीनची पार्किंग एकदा गळ्यात पडली की गाडी नसलेल्यालाही तिचं बिल येतं. एक दिलासा, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत मालमत्ता कर माफ आहे.
आणि वारसांचं आत्ताच, बाबा बसलेले असताना ठरवा. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, पुढे कुणाच्या होणार, बाकीच्यांचं काय.

रिहॅब_विंग:
पार्किंगची मशीन!! आमच्याकडे आहे. बंद पडलेली. वर दोन गाड्या अडकल्यात.

आगाऊ_कार्टा:
त्याही विकून जाणार की हाकलल्या जाणार?

चिंचपोकळीचा_बंड्या:
सगळ्यांचे आभार, वकीलसाहिबांचा प्रतिसाद प्रिंट काढून कमिटीला दिला. सही करणाऱ्यांतले सहा-सात जण थांबलेत, बँक गॅरंटी आणि कॉर्पसची अट टाकायची म्हणतायत. बिल्डरचा माणूस म्हणाला तुम्हाला कोण शिकवतंय.
भावाशी बोललो. त्याचं म्हणणं ऐकून मलाच गप्प बसावं लागलं. तो म्हणाला तू इथे राहतोस, आईबाबा तुझ्याकडे, मी लग्नानंतर दिव्याला भाड्याने राहतोय, माझा हिस्सा मी भिंतीकडे बघून किती वर्षं धरू. त्याचं चूक म्हणता येत नाही. बहीण म्हणाली मला काही नको, पण तिचा नवरा काही बोलला नाही. बाबांना अजून हे सगळं सांगितलेलं नाही.

जुना_गेटपास:
बाबांना सांग. आम्हा म्हाताऱ्यांना तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी गिरणी कामगार म्हणून म्हाडाकडे घराचा अर्ज भरलाय का?

चिंचपोकळीचा_बंड्या:
भरलाय. २०१२ च्या लॉटरीत नाही लागला, २०२० ला पण नाही.

जुना_गेटपास:
माझाही नाही. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं होती. अर्ज दीड लाखाच्या वर. आता म्हणतात शेलू आणि वांगणीला घ्या.

नेरळ_पाखाडी:
धागा आजच पाहिला. मी त्याच भागातला. शेलू म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मध्ये, कर्जत लाईन. गाड्या मोजक्या, एक चुकली की बसा फलाटावर. गिरणी कामगारांनी जुलै २०२५ ला आझाद मैदानात मोर्चा काढला तो याच्याच विरोधात, मुंबईत घर द्या म्हणून. ज्यांना घर द्यायचं ते सत्तरी-पंच्याहत्तरीचे. केईएमला दाखवायला इथून कसे जाणार?
आणि आमची बाजू पण ऐका जरा. इथे जमिनीचे दर दहा वर्षांत कुठल्या कुठे गेले. स्टेशनजवळचे आमचे ठाकर, आगरी लोक जमिनी विकून मोकळे, तीच पोरं आता त्याच कॉम्प्लेक्सच्या गेटवर सिक्युरिटीला. 'सेकंड होम' म्हणून पाट्या लागल्यात. तुम्ही लोक परळहून डोंबिवलीला, डोंबिवलीतून बदलापूरला, आता इकडे. आम्ही पुढे कुठे जायचं, भीमाशंकरला?

डोंबिवली_फास्ट:
नेरळ_पाखाडी, नवीन धागा काढा यावर. खरंच. मी लिहितो त्यात, डोंबिवलीचे जुने आगरी लोक काय म्हणायचे आम्हाला ते मला चांगलं आठवतंय.

नेरळ_पाखाडी:
काढतो. रविवारी, वीज असली तर.